‘कोनं?’ विचारणाऱ्या बाई

“कोनं?”

एवढा एकच शब्द बाई विचारायच्या आणि हातातला खडू समोरच्या पोरीकडे रोखून थांबायच्या. आवाज चढवणं नाही, डोळे वटारणं नाही. पोरगी म्हणालेली असायची, “बाई, चटई फाटली. नवी आनली पाहिजे.” बाईंचा खडू तिच्याकडे वळायचा. “कोनं?” पोरगी डोकं खाजवायची, शेजारणीकडे बघायची आणि म्हणायची, “कोनीतरी.”

“कोनीतरी नावाचा मानूस चिखलीत कोन्या गल्लीत राह्यते व? दाखव मले, त्याले भेटून येऊ आपन.”

वर्ग खदखदून हसायचा. बाई हसायच्या नाहीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की ज्यांचा राग दिसायला शांत असतो आणि म्हणूनच लोक त्याला जास्त घाबरतात. बाईंचा राग तसा होता. माझा तसा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला वेळ लागत नाही, आणि बाईंचं काही सांगायला बसले की आजही ती तशीच जाते. तेव्हा मध्येच मी कुणाला बोलले तर वाचणाऱ्यांनी चालवून घ्यावं.

मी मूळची दुसरबीडची, लग्न होऊन चिखलीला आले. मुलींच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं. हुकूम नागपूरहून सुटायचे, बुलढाण्याला मुक्काम करायचे आणि चिखलीला पोचेपर्यंत त्यांच्यातला जीव गेलेला असायचा. मुलींची शाळा चौथीपर्यंत. चौथीनंतर पोरी घरी, आणि घरी म्हणजे वर्षा-दोन वर्षांत बोहल्यावर. बाई आल्या आणि त्यांनी शाळा समितीच्या मागे लागून पडवीत चौथीपुढचा इंग्रजीचा वर्ग सुरू केला. समितीनं ‘चालवून पाहा’ म्हटलं होतं, मंजुरी नव्हती. नागपूरच्या इन्स्पेक्टर मडम येऊन वर्ग पाहणार, त्यांना पटला तर समिती तो पक्का करणार, नाहीतर बंद. डझनभर पोरींचं पुढचं सगळं त्या पडवीवर अवलंबून होतं आणि बाईंना त्याची रात्रंदिवस आठवण असायची.

त्या काळी इंग्रजी शिकायचं म्हणजे काय शिकायचं? मुलांच्या शाळेत पहिल्यांदा अर्ज घोकवून घेत. ‘आय बेग टू स्टेट’ आणि ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’. पोरांना ‘मला तहान लागली’ म्हणता येत नसे, पण साहेबापुढे लोटांगण घालता येई. बाईंनी ते पान उघडलंच नाही. मी विचारलं, “बाई, अर्ज काऊन नाही शिकवत?”

“भीक मागाले इंग्रजी कायले शिकाव? ते तं आपल्याले मराठीतबी येते.”

त्यांनी सुरुवात केली ती शुड, मस्ट आणि ऑट टू या शब्दांपासून. आपण दुसऱ्याकडून काय अपेक्षा करतो ते सांगायचे हे शब्द. बाई ते आपल्या पद्धतीनं समजावायच्या. “शुड म्हंजे मानसाच्या डोळ्यात पाहून सांगनं, का बाबा, तुह्याकडून माही अशी अपेक्षा आहे. मस्ट म्हंजे ते झाल्याबिगर त्याच्या दारातून न उठनं. आन् ऑट टू म्हंजे त्याच्याच मनातली गोष्ट त्याले आठवून देनं.” मुलांच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर हे ऐकून पोट धरून हसले होते. हसू देत. त्यांच्या वर्गातल्या एकाही पोरानं पुढे कुणाच्या डोळ्यात पाहून काही सांगितल्याचं मला माहीत नाही.

बाईंचा शनिवारचा एक नेम होता. प्रत्येक पोरीनं शुड घालून एक वाक्य करायचं. कुणाकडून अपेक्षा ते त्यात आलंच पाहिजे, आणि माणूस हाताच्या अंतरावरचा पाहिजे. देव, सरकार, नशीब चालत नसे. मग सोमवारच्या आत ते वाक्य त्या माणसाला तोंडावर, मराठीत, नीट उभं राहून सांगायचं. रडायचं नाही, पळायचं नाही. सोमवारी वर्गात येऊन काय झालं ते सांगायचं. ज्या पोरीनं कुणाच्या पाठीमागे सांगितलं असेल तिचं वाक्य बाई पुसून टाकायच्या.

अव माय, काय काय व्हायचं चिखलीत दर रविवारी! कुणी भावाला म्हणालं, ताट तू उचलावं. कुणी आजोबांना म्हणालं, कोपऱ्यात थुंकू नये. आजोबा दोन घरं ऐकतील एवढ्यानं ओरडले, “इंग्रज दारात होता तो आता माजघरात आला बे!” पण कोपरा स्वच्छ झाला, हे त्या पोरीनं सोमवारी सांगितलं तेव्हा बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावून तिचं वाक्य तिच्या हातानं लिहायला लावलं.

देवकी नावाची एक पोरगी होती. तुळशीराम माळ्याची. गावाबाहेर त्यांचा मळा, वांगी, मेथी, मिरच्या, आख्ख्या गावाची भाजी तिथून यायची. देवकीनं वाक्य केलं, बापानं मायसाठी भाजी ठेवावी. आई सगळ्यांच्या शेवटी बसायची आणि मिरचीच्या ठेच्याशी भाकर खाऊन उठायची. ज्याच्या मळ्यातून गावाला वांगी जातात त्याच्या घरच्या बाईला वांग्याचं देठसुद्धा मिळत नव्हतं. देवकी बापापुढे उभी राहिली आणि तेच म्हणाली. सोमवारी सकाळी तुळशीराम शाळेच्या दारात हजर.

“बाई, तुमी पोट्टीले इंग्रजी शिकवून राह्यल्या का भांडन शिकवून राह्यल्या?”

“तिनं खोटं सांगतलं का?”

“खऱ्या-खोट्याचा सवाल नाई. बापाच्या तोंडावर बोलली ना.”

“मंग कोनाच्या तोंडावर बोलाव तिनं? शेजाऱ्याच्या? का इहिरीत तोंड घालून बोलाव?”

डोक्याचं फडकं काढून तुळशीरामानं पुन्हा बांधलं आणि निघून गेला. मला वाटलं, गेली देवकी, आता हा पोरीला घरी बसवणार. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो टोपली घेऊन आला आणि पडवीच्या कठड्यावर वांगी ओतून म्हणाला, “घरची घरी ठेवली, बाई. ही उरली ती तुमची.” बाईंनी वांगी घेतली, आणि त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत दोन चुलींवर, त्यांच्या आणि माझ्या, भरली वांगी शिजली.

एकदा पावसात पडवीचं छप्पर गळायला लागलं. पोरी म्हणाल्या, छप्पर दुरुस्त झालं पाहिजे. खडू वळला. “कोनं?” पोरी म्हणाल्या, समितीनं. “समितीले तोंड कुठी असते? मानूस सांगा.” माणूस म्हणजे अध्यक्षसाहेब. कापसातली सरकी काढायच्या जिनाचे मालक, शेतीवाडी चौफेर, वरपर्यंत ओळख, आणि कुठल्याही गोष्टीला त्यांचं एकच उत्तर ठरलेलं, “पाहू.” तरी पोरी रविवारी त्यांच्या ओसरीवर रांगेत उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, साहेब, तुम्ही आमचं छप्पर शाकारून द्यावं. अध्यक्ष मोठ्यानं हसले. पोरींच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. आठवड्यात छप्पर शाकारून झालं. पण ओसरीवर त्या वेळी बाहेरगावचे पाहुणे बसले होते. पाहुण्यांदेखत पोरीबाळींनी काही मागितलं आणि आपल्याला ‘पाहू’ म्हणता आलं नाही, हे अध्यक्ष विसरले नाहीत.

आता बाईंबद्दल जे सांगायचं ते सांगते, आणि इथंच माझा तोल जातो. बाई बालविधवा होत्या. नवरा नागपूरला शिकायला होता, सुट्टीत आला की बायकोला इंग्रजी अक्षरं गिरवायला द्यायचा. तो तापानं गेला. सासरच्यांनी मेहकरला भावाकडे पाठवून दिलं, भावानं अमरावतीला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला. तिथं त्यांनी राहिलेलं इंग्रजी पुरं केलं. बिनकाठाचं पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, हात मोकळे. आणि या बाईनं काय करावं, काय करू नये, हे सांगायला सगळं गाव मोकळं! बाईनं सकाळी रस्त्यावर येऊ नये, लोक कामाला निघतात. बाईनं हळदीकुंकवाच्या घरावरून जाऊ नये. बाईनं मोठ्यानं हसू नये, लवकर जेवावं, कोपऱ्यात बसावं. जन्मभर तिनं लोकांच्या अपेक्षा ऐकल्या. तिची कुणाकडून काही अपेक्षा असेल, हे एका माणसाला सुचलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक धान्याचे व्यापारी राहायचे. सकाळी अडतीवर निघाले आणि बाई समोरून आल्या की अपशकुन झाला म्हणून ते परत घरात जायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मग निघायचे. हे रोज. बाई कधी उशिरा निघाल्या, कधी लवकर निघाल्या, कधी मागच्या बोळानं गेल्या. एका सकाळी मी त्यांच्याबरोबरच होते. शेटजी दिसले, थबकले, मागे वळले. बाई चालत पुढे गेल्या आणि पदराखालून पाण्याचा लोटा काढून त्यांच्यापुढे धरला.

“शेटजी, माह्यामुळं तुमाले रोज उलटं जा लागते. आज पानी सोबतच आनलं. इथंच प्या अन् जा कामाले.”

पाणी शेटजी प्यायले नाहीत, पण त्या दिवसापासून मागेही वळले नाहीत. मान खाली घालून निघून जायचे. मी गल्लीभर हसत होते. घरी आल्यावर बाईंनी तो लोटा घासला, पुन्हा घासला आणि पालथा घातला. मग म्हणाल्या, “तुले हसू येऊन राह्यलं. मले जीव नकोसा झाला होता व.” मी हसायची थांबले.

आणि मग नागपूरच्या मडमची तारीख आली.

शाळेला तोरणं लागली, जमीन सारवली, पोरींना वेण्या घट्ट घालून यायचा हुकूम झाला. आदल्या दिवशी अध्यक्ष आले ते मुलांच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांना बरोबर घेऊन. मला समजेना, हे कशाला? अध्यक्षांनी घसा साफ केला.

“बाई, वाईट वाटून घेऊ नका. मडम पहिल्यांदाच येऊन राह्यल्या. ओवाळणी आहे, नारळ आहे, शुभ काम आहे. अशा वेळी समोर तुम्ही, ते बरं दिसत नाही. वर्ग मास्तर दाखवतील. तेवढा वेळ तुम्ही आत बसावं.”

“आत म्हंजे कुठी?”

“चटयांच्या खोलीत.”

चटयांची खोली म्हणजे पडवीला लागून असलेली अंधारी कोठडी. फाटक्या चटया, मोडके फळे आणि उंदीर. ज्या बाईनं वर्ग उभा केला तिनं उंदरांत बसायचं, आणि ज्यानं त्या वर्गावर पोट धरून हसून घेतलं त्यानं खुर्चीवर! मास्तर भिंतीवरचा नकाशा बघत उभे होते, जणू हे सगळं कुणा तिसऱ्याचं चाललंय. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझं मनगट धरलं.

“साहेब, मी आत बसते. पन तुमी वर्ग पक्का करावा. कराल का?”

“पाहू.”

“पाहू नाई. मी डोळ्यात पाहून इचारून राह्यले. वर्ग पक्का कराल का?”

अध्यक्ष म्हणाले, “हो. करू.”

“कोनं?”

“मी करीन,” अध्यक्ष चिडून म्हणाले. बाईंनी मान हलवली. घरी जाताना मी रस्ताभर बडबडत होते, मास्तरांना शिव्या देत होते, अध्यक्षांना देत होते. बाई म्हणाल्या, “तू चिडू नको. एक दिवस मी आत बसल्यानं माहं काई झिजत नाई. पोरी बाहेर राह्यल्या पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मी ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी. मी सवाष्ण ना, मी शुभ! कुंकवाची टिकली हीच काय ती माझी लायकी. मडम आल्या, डोक्यावर टोपी, हातात छत्री, चेहरा उन्हानं लाल झालेला पण हसरा. नारळ फुटला. पोरी ओळीत बसल्या. मास्तर कोट-रुमाल चढवून खुर्चीवर बसले. आणि तेवढ्यात मला दिसलं की चटयांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली आहे. मी शिपायाला कुजबुजत विचारलं तर म्हणाला, साहेबांनी सांगितलं, वाऱ्यानं दार उघडतं. वाऱ्यानं! त्या दिवशी लिंबाचं पान हलत नव्हतं. मी ताट तिथंच जमिनीवर ठेवून दिलं आणि पुन्हा उचललं नाही.

मास्तरांनी पोरींना विचारायला सुरुवात केली. नाव काय, गाव काय, गायीला पाय किती. एकही पोरगी धड बोलेना. येत सगळ्यांना होतं. ओठ मिटून बसल्या होत्या आणि कडी घातलेल्या दाराकडे बघत होत्या. मास्तरांना घाम फुटला. अध्यक्ष खाकरायला लागले. मला पोरींचा अभिमान वाटत होता आणि भीतीही, कारण वर्ग असाच बुडणार हे स्पष्ट दिसत होतं. शेवटी मडमच पुढे झाल्या, पोरींसमोर वाकून बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, शुड घालून एक वाक्य करा पाहू कुणीतरी.

देवकी उठली. तिनं मास्तरांकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, मडमकडे पाहिलं. मग ती ओळीतून बाहेर निघाली आणि पाहुण्यांच्या मधून चालत सरळ त्या दाराशी गेली. अपेक्षा ज्याच्याकडून, त्याच्या तोंडावर सांगायची, हे तिला शिकवलेलंच होतं. कडी उंच होती. पोरगी चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला, कडी पडली. आत चटयांच्या ढिगावर बाई बसल्या होत्या, पदर डोक्यावर, हात मांडीवर. उजेडानं त्यांनी डोळे बारीक केले.

“टीचर, यू शुड कम आउट.”

बाई हलल्या नाहीत. शब्द दिलेला होता. मला दारातून त्यांचा चेहरा दिसत होता. सवयीनं म्हणा की कशानं म्हणा, त्या अगदी हळू बोलल्या, “कोनं?”

“तुमी, बाई,” देवकी म्हणाली. “तुमी बाहेर याव.”

बाई उठल्या. लुगड्याला लागलेला काड्यांचा कचरा झटकला. बाहेर आल्या, मास्तरांच्या हातातला खडू मागून घेतला आणि फळ्याजवळ उभ्या राहिल्या. पाहुण्यांत बसलेल्या अध्यक्षांच्या बायकोनं पदर नाकाला लावून तोंड फिरवलं. पण त्यांच्याकडे पाहायला वेळ कुणाला होता? पोरींना कंठ फुटला. काय बोलल्या पोरी त्या दिवशी! भावानं, बापानं, मामानं, सरपंचानं काय काय करावं ते सगळं इंग्रजीत, ताठ उभं राहून. मडमच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. निघताना त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “धिस क्लास शुड बी कंटिन्यूड.” हा वर्ग पुढे चालवला जावा.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. मडमची मोटार बुलढाण्याच्या रस्त्याला धूळ उडवत गेली तेव्हा त्या पुटपुटल्या, “कोनं?” मला तेव्हा वाटलं, बाईंची ही खोड काही जायची नाही. आनंदाच्या वेळी कशाला हवं ते?

अध्यक्ष पाहुण्यांना पोचवून परत आले. “तुम्ही शब्द मोडला,” ते म्हणाले.

“मोडला. पोरीनं बोलावलं तं येनं भाग होतं.”

“मग मीही मोकळा झालो.”

झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कळलं की मुलींचा इंग्रजी वर्ग बंद. कारण काय, तर पालकांची मागणी नाही. पालकांची! तुळशीराम टोपली डोक्यावर घेऊन जिनाच्या फाटकाशी सकाळपासून उभा राहिला. अध्यक्षांची गाडी बाहेर निघाली तसा आडवा गेला. “साहेब, मी पालक आहे. मी मांगून राह्यलो.” अध्यक्ष गाडीतून म्हणाले, “पाहू.” मी समितीच्या बैठकीत जाऊन बोलले, बोलायचं नव्हतं तेवढं बोलले. त्यांनी मला पाणी दिलं आणि शांत व्हा म्हणाले. नागपूरच्या मडम कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग चालवला जावा म्हणून सांगत असतील. चालवायचं कुणी, ते त्या कुणालाच सांगून गेल्या नव्हत्या.

बाईंची बदली बीबी नावाच्या खेड्यात झाली. तुळशीरामानं गाडी जुंपली. एक ट्रंक, एक वळकटी आणि तो लोटा. डझनभर पोरी वेशीपर्यंत गेल्या. बाई गाडीतून म्हणाल्या, “आज शनवार आहे. वाक्य राह्यलं तुमचं.” पोरी एकदम रडायला लागल्या. रडायचं नाही हा नियम त्या दिवशी बाईंनी पाळायला लावला नाही. त्याच उन्हाळ्यात देवकीचं लग्न झालं.

मी नंतर एकदा बीबीला गेले होते. बाई वाळल्या होत्या. चावडीमागच्या शाळेत लहान पोरीपोरांना मराठी शिकवत होत्या, इंग्रजी शिकवायची तिथं सोय नव्हती. मी अध्यक्षांचं नाव काढलं तसे त्यांचे ओठ आवळले गेले. “मले त्याचा राग आहेच. पन त्या दिवशी पडवीत गावातले एवढे शहाने बसले होते. सगळ्यायनं कडी पाह्यली. काढाले एक पोट्टी उठली.” मग देवकीला काय झालं विचारलं. मुलगी झाली म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, “कितवीत आहे?” आणि स्वतःच हसल्या, कारण ती पोर तेव्हा पाळण्यात होती. त्यानंतर काही वर्षांनी बाई तिथंच तापानं गेल्या. आम्हाला कळलं ते महिन्यानं.

आता शेवटचं. इंग्रज गेले, नागपूरचे हुकूम तसेच येत राहिले, आणि एके दिवशी वरून हुकूम आला की मुलींच्या शाळेत चौथीपुढचे वर्ग निघावेत. चिखलीत समारंभ झाला. अध्यक्ष तेच, आता टोपी तेवढी पांढरी. ओवाळणी झाली, नारळ झाला. भाषणात अध्यक्ष म्हणाले, “आपलं गाव या बाबतीत पहिल्यापासून पुढे. फार वर्षांपूर्वी याच पडवीत मुलींसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू करण्यात आला होता.”

मी पहिल्या रांगेत बसले होते. माझी मूठ वळली, पण मी जागची उठले नाही. मागून, पुरुषांच्या बाजूच्या अगदी शेवटून, एक म्हातारा आवाज आला.

“कोनं?”

तुळशीराम होता. देवकीच्या मुलीला नव्या वर्गात घालायला घेऊन आला होता. काठी टेकून उभा. अध्यक्षांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पुढे बोलायला लागले.

“साहेब, इचारून राह्यलो मी. वर्ग सुरू केला म्हन्ता. कोनं केला?”

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला. पेला तोंडाला लागलेला असतानाच बायकांच्या बाजूनं देवकी उभी राहिली. कडेवर धाकटं पोर, पदर डोक्यावर.

“बाईनं,” ती म्हणाली.

चिखलीच्या शाळेत आजवर मास्तरीणबाई पुष्कळ होऊन गेल्या, मीही त्यातलीच एक. पण कुठली बाई, असं त्या दिवशी मंडपात कुणीही विचारलं नाही.